साल सांध्यांना विचारा

जुन्या कार्बन फायबर रोड बाइकचं साल बहुतेक जण किंमत ठरवण्यासाठी विचारतात. मी ते जिवाच्या काळजीपोटी विचारतो. स्टीलची फ्रेम दगा देण्याआधी वाकते, तडा दाखवते, सावध करते. कार्बनची फ्रेम बाहेरून चकचकीत राहते आणि आतल्या आत सुटत जाते. ती कुठे सुटेल, हे तिच्या नळ्या कशाने आणि कशात जोडल्या आहेत यावर ठरतं. जोडण्याची ही पद्धत काळाबरोबर बदलत गेली आहे.

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहतो. इथल्या गॅरेज सेलमध्ये अशा सायकली नेहमी दिसतात आणि आपली मराठी मंडळी त्या हौसेने घेतात. मी घेतलेली फ्रेम नव्याने रंगवलेली होती, काळी कुळकुळीत, वर मोठ्या नावाचं स्टिकर. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली, अखंड कार्बनची, असं विकणाऱ्याने सांगितलं. मागे आठ दातेरी चकत्या, गियर बदलायची सोय ब्रेकच्या मुठीतच. वर्णन पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट खटकायची: मागचं चाक बसवताना फ्रेम हाताने फाकवावी लागायची.

हाफ मून बेच्या किनारी रस्त्यावर, समुद्राकडून येणाऱ्या धुक्यात ती बरीच फिरली. मग चढावर खालून कुरकुर यायला लागली. पेडल बदललं, बॉटम ब्रॅकेट उघडून ग्रीस भरलं, आवाज गेला नाही. एका सकाळी स्कायलाइनच्या डोंगरी रस्त्यावरून उतरताना वळणावर मागचं चाक बाजूला सरकल्यासारखं वाटलं. पुढे एक गाडी रेंगाळत होती म्हणून माझा वेग कमी होता, एवढंच नशीब. थांबून चाक धरून हलवलं, तर पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी उजवी नळी आपल्या खोबणीत मागेपुढे होत होती. घरी रंग खरवडला. खाली अॅल्युमिनियमचा लग, म्हणजे नळ्या जोडणारा सांधा निघाला, कडेला पांढरी भुकटी. फ्रेम अखंड नव्हतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, डिंकाने चिकटवलेली होती.

कार्बनच्या सायकली सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मिळतात. अमेरिकेत एक्झॉन या तेल कंपनीची ग्राफ्टेक, इटलीत अलानची कार्बोनियो, पुढे फ्रान्समध्ये व्हिटसच्या कार्बन फ्रेम, अमेरिकेत ट्रेक २५०० आणि स्पेशलाइज्डची अलेझ एपिक. या सगळ्यांत एक गोष्ट समान: नळ्या कार्बनच्या, सांधे धातूचे, मध्ये इपॉक्सी. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स जिंकली ती लुक केजी ८६ वर. कार्बन फ्रेमवर जिंकलेली ती पहिली टूर, आणि त्या फ्रेममध्ये कार्बनच्या जोडीला केवलारचे धागे होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या केस्ट्रेलने ४००० हे मॉडेल आणलं, त्यात लगच नव्हते. १९९२ मध्ये ट्रेकची ओसीएलव्ही आली, १९९४ मध्ये कोल्नागोची सी ४०. या दोन्हींत नळ्याही कार्बनच्या आणि लगही कार्बनचे. म्हणजे साधारण दहा वर्षं धातूचे सांधे आणि अखंड कार्बन दोन्ही एकाच वेळी बाजारात होते. साल कळल्याने शक्यता कमी होतात. शेवटचा निकाल सांधे पाहूनच द्यावा लागतो.

स्टिकरवर विसंबू नका. फ्रान्सची टीव्हीटी ही कंपनी दुसऱ्यांसाठी फ्रेम बनवायची. लेमाँडने १९८९ ची टूर जिंकली त्या सायकलवर बोटेक्कियाचं नाव होतं, फ्रेम टीव्हीटीची. व्यावसायिक संघांत असं सर्रास चालायचं, आणि आज तर कुठल्याही नावाची स्टिकरं विकत मिळतात. वरून दिसणाऱ्या चौकडीच्या विणीलाही भुलू नका. ती अनेकदा शोभेचा वरचा थर असते. भार पेलणारे थर तिच्याखाली असतात.

सुटे भाग बदलता येतात, फ्रेमची मापं सहजी बदलत नाहीत. म्हणून मोजपट्टी आधी काढा. मागचं चाक उतरवून ते बसतं त्या दोन कानांमधलं अंतर मोजा. सहा-सात गियरच्या काळात ते १२६ मिलिमीटर असायचं, आठ गियर आल्यावर १३० झालं. शिमानोच्या ड्युरा-एसमध्ये ब्रेकच्या मुठीतले शिफ्टर १९९० मध्ये आले, कँपाग्नोलोचे एर्गोपॉवर १९९२ मध्ये. त्यामुळे १२६ च्या फ्रेममध्ये आठ गियरचं चाक दिसलं तर ते मागाहून कोंबलेलं आहे. माझ्या सायकलचं हेच झालं होतं. स्टीलची फ्रेम कारागीर चार मिलिमीटर फाकवून देतो, तिला काही होत नाही. चिकटवलेल्या फ्रेममध्ये मात्र तो ताण दिवसरात्र डिंकावर राहतो.

पुढच्या टोकाला हँडलचा दांडा फोर्कच्या आत उतरत असेल आणि त्याची जाडी २२.२ मिलिमीटर भरली, तर तो एक इंची, आटे असलेला फोर्क. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत मागे पडत गेली. खालच्या तिरक्या नळीवर शिफ्टर बसवायच्या खुंट्या असतील, तर फ्रेम बहुधा मुठीतल्या शिफ्टरच्या आधी आखलेली आहे. पण संक्रमणाच्या काळात कंपन्यांनी खुंट्या काही वर्षं ठेवल्या, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.

यानंतर शिमानोचे भाग बघा. क्रँकच्या मागच्या बाजूला, डिरेलरच्या आतल्या अंगाला, ब्रेकच्या पाठीवर दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे १९७६, तिथून पुढे क्रमाने, झेड म्हणजे २००१. २००२ पासून पुन्हा ए. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, एल डिसेंबर. ‘पी डी’ दिसलं तर तो भाग एप्रिल १९९१ चा. एका भागावरून निष्कर्ष काढू नका. चार-पाच भागांच्या तारखा काही महिन्यांच्या आत जुळल्या, तर सायकल बहुतेक मूळ रूपात आहे आणि त्यानंतर लगेचच विकली गेली असेल. तारखा पाच-सात वर्षांत विखुरल्या असतील, तर ती जुळवलेली सायकल आहे. त्यात गैर काही नाही, पण फ्रेमचं साल त्या तारखांवरून काढू नका.

मग सांधे. रंगाखाली काय आहे ते बोटांनाही कळतं: सावलीत ठेवलेल्या सायकलचा धातूचा लग कार्बनच्या नळीपेक्षा गार लागतो. नखाने टिचकी मारत नळीवरून सांध्याकडे गेलात तर आवाज बदलतो. काही फ्रेममध्ये लग नळीवर बाहेरून बसतो, काहींत नळीच लगच्या खुंटावर चढवलेली असते आणि बाहेर फक्त एक बारीक वलय दिसतं. त्या वलयाभोवती रंगाला भेग असेल, बुडबुडे असतील, पांढरी भुकटी असेल, तर सायकल खाली ठेवा. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजतं. चांगले कारागीर मध्ये काचतंतूचा थर घालून हा संपर्क तोडायचे, सगळ्यांनी तेवढी काळजी घेतली नाही. घाम, समुद्राची हवा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळंच इथे घातक.

नाण्याने नळ्या ठोकून बघा. डाव्या-उजव्या जोडीच्या नळ्यांचा एकाच जागी आवाज सारखा यायला हवा. एका बाजूला तो बद्द आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. पेडल दाबून खालचा सांधा हलतो का तेही बघा. सुटलेला सांधा घरच्या इपॉक्सीने चिकटवू नका. गंजलेल्या अॅल्युमिनियमवर तो टिकत नाही. हे काम कार्बन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं आहे, आणि त्याचा खर्च अनेकदा सायकलपेक्षा जास्त होतो.

अमेरिकेतून किंवा आखातातून अशी सायकल मुंबईला, रत्नागिरीला, गोव्याला नेणारे मला अनेकदा सल्ला विचारतात. तिकडची दमट खारी हवा धातूच्या सांध्यांची सर्वांत वाईट परीक्षा घेते. भिंतीवर टांगायला हवी असेल तर खुशाल न्या. चालवायची असेल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर सीटपोस्ट बाहेर काढून बघा. ती फ्रेममध्ये गंजून अडकली असेल, तर सांध्यांच्या आतही तेच घडत असण्याची शक्यता मोठी आहे. ती सायकल घेऊ नका.