साखरगाठीचा पाठ



होळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील बाजारांत साखरगाठ्यांच्या माळा दिसू लागतात आणि लहान मुले त्या गळ्यात घालून मिरवतात. पहिली-दुसरीच्या वर्गास याहून सुलभ विज्ञानसाधन मिळणे कठीण.

काचेच्या दोन पेल्यांत पिण्याचे पाणी सारखे घ्यावे. एकात गाठीचा तुकडा व दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा खडीसाखरेचा खडा टाकावा. आधी काय विरघळेल, हे मुलांकडून वदवून घ्यावे. आपण मौन पाळावे. गाठी लवकर विरघळते. वस्तुतः दोन्ही साखरच. परंतु गाठीचा पाक साच्यात भराभर निवतो, म्हणून तिचे कण बारीक राहतात. खडीसाखरेचा स्फटिक कित्येक दिवस सावकाश वाढतो, म्हणून तो घट्ट असतो व पाणी त्याच्या बाहेरच्या अंगासच लागते.

आता खरा प्रश्न : साखर गेली कोठे? माझ्या सेवेच्या आरंभी एका मुलाने "सरली" असे उत्तर दिले. मी ते चूक ठरवून 'विरघळली' हा शब्द फळ्यावर लिहिला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही. डोळ्यांना दिसले तेच तो बोलला होता, हे मला फार उशिरा उमगले. हल्ली मी म्हणतो, "बरे, सरली का ते पाहू." मुलांनी पाणी चाखावे. साखर व पाण्याचा पेला विरघळण्यापूर्वी व नंतर तराजूत तोलावा; वजन घटत नाही. मग ते पाणी ताटलीत पातळ पसरून, वर विरळ कापड बांधून उन्हात ठेवावे. ताटलीखाली पाणी भरलेली परात हवीच, अन्यथा आपल्याआधी मुंग्या प्रयोग संपवितात! पाणी उडून गेले की साखरेचा थर मागे राहतो.

वरच्या वर्गांस खडीसाखर करून दाखवावी. वजनाने १ भाग साध्या पाण्यात सुमारे २ भाग साखर विरघळते, उकळत्या पाण्यात जवळजवळ ५ भाग. येथे ३ भाग पुरे. साखर चोळलेला दोरा निवत्या पाकात सोडून भांडे आठवडाभर हलवू नये. पाक मात्र शिक्षकांनीच करावा व मुलांस दूर बसवावे. तो उकळत्या पाण्याहून अधिक तापतो व कातडीस चिकटतो. भाजल्यास त्या जागी तत्काळ थंड पाण्याची धार धरावी.

खाण्यासाठीची गाठी प्रथमच वेगळी वाटून टाकावी, म्हणजे प्रयोगाची शिल्लक राहील.