आरोग्यपाठ : क्षयरोग आणि चुकीच्या समजुती

पाठाचा हेतू : क्षय हा घराण्याचा रोग नसून जंतूंचा रोग आहे, तो बरा होतो व रुग्णास वाळीत टाकण्याचे कारण नाही, हे विद्यार्थ्यांस पटवून देणे.

प्रस्तावना : वरळी येथील बी. डी. डी. चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्याने 1920 च्या दशकात बांधल्या. तेथे 121 इमारती उभ्या राहिल्या. एकेका इमारतीत 80 खोल्या व एकेका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट. शिक्षकांनी शाळेच्या अंगणात 16 फूट लांब व 10 फूट रुंद असा आयत आखावा व त्यात आठ मुलांस बसवावे. एवढ्या जागेत चूल, पाणी, अंथरूण व आजारी माणूस यांची सोय कशी लागेल, असे विचारावे.

विवेचन : अशा खोलीत बापास खोकला लागे, मागोमाग मुलास. त्यावरून ‘क्षय रक्तातून उतरतो’ असा समज दृढ झाला. पण पत्नी पतीच्या रक्ताची नसते, तरी तिलाही लागण होई. गिरणगावात एका गावचे कामगार गावकीच्या खोलीत एकत्र राहत. त्यांच्यांत रक्ताचे नाते नसले तरी एकाचा रोग दुसऱ्यास लागू शके. तेव्हा कारण रक्त नव्हे, कोंडलेली हवा होय. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. रुग्ण खोकला वा शिंकला म्हणजे तो हवेत पसरतो.

प्रयोग : खिडक्या लावून वर्गात एक उदबत्ती पेटवावी. वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. खिडक्या उघडल्यावर तो विरतो. यावरून मोकळ्या हवेचे महत्त्व मुलांकडून काढून घ्यावे.

दुसरा समज असा की, रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवले म्हणजे घर सुरक्षित झाले. हा रोग भांड्यांनी, कपड्यांनी वा हस्तांदोलनाने पसरत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरणे व वेळेवर औषध घेणे, हेच खरे संरक्षण. मद्रास येथील अभ्यासाचा निष्कर्ष 1959 साली प्रसिद्ध झाला. घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत, रुग्णालयात ठेवलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा रोग अधिक पसरल्याचे त्यात आढळले नाही.

तिसरा समज अधिक घातक आहे. महिना-दोन महिन्यांत बरे वाटताच औषध सोडले जाते. उरलेले जंतू मग पुन्हा बळावतात व औषधास दाद देईनासे होतात. सामान्यतः सहा महिन्यांचा क्रम पुरा करावाच लागतो. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी व औषध विनामूल्य मिळते.

शिक्षकांस सूचना : मुंबईहून आजारी होऊन गावी परतलेल्या माणसाचे मूल आपल्या वर्गात असू शकेल. त्याला वेगळे बसवू नये व इतरांसमोर त्याच्या घरचा उल्लेख करू नये. लोकलज्जेने रोग लपविला की उपचार लांबतो, आणि लांबलेला उपचार घरादारास भोवतो. ज्या घरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप वा वजनात घट असेल, तेथे पालकांस एकांतात भेटून तपासणीचा सल्ला द्यावा.

उजळणी :
1. एकाच घरात अनेकांस क्षय का होतो?
2. भांडी वेगळी ठेवून रोग का टळत नाही?
3. बरे वाटल्यावरही औषध का चालू ठेवावे?