टाळी, शिट्टी आणि रांग
(इटली आणि ब्रिटनमधली गाणं ऐकण्याची रीत)

लुचानो पाव्हारोत्ती हे नाव आपल्या हॉस्टेलमधल्या फुटबॉलवेड्यांनी तरी नक्की ऐकलेलं असेल. १९९० चा वर्ल्ड कप इटलीत झाला, तेव्हा बीबीसीने आपल्या प्रक्षेपणाचं शीर्षकसंगीत म्हणून त्याने गायलेलं 'नेस्सुन दोर्मा' निवडलं. बघता बघता ऑपेरातली ती एकटी अॅरिया ब्रिटनच्या पॉप चार्टवर दुसऱ्या नंबरला जाऊन बसली! पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९९१ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याचा मोफत कार्यक्रम झाला. नेमका त्या दिवशी धो धो पाऊस. लोकांनी छत्र्या उघडल्या, त्यामुळे मागच्यांना काही दिसेना. छत्र्या मिटण्याची विनंती झाली आणि लोकांनी खरोखरच त्या मिटल्या. समोर बसलेले तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स (आताचे राजे) आणि डायनासुद्धा चिंब भिजले. हजारो माणसं तशीच पावसात गाणं ऐकत राहिली.

आता दुसरं चित्र पाहा. ७ डिसेंबर १९९२, मिलान शहर, ला स्काला थिएटर. सीझनची पहिली रात्र, व्हेर्दीचा 'डॉन कार्लो', आणि गायक तोच. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटला, आणि सगळ्यात वरच्या गॅलरीतून त्याची हुर्यो उडवली गेली. जगातला त्या वेळचा सर्वांत प्रसिद्ध टेनर, आणि तोही स्वतःच्याच देशात!

यावर आपलं ठरलेलं उत्तर तयार असतं : इंग्रज सभ्य आणि थंड, इटालियन तापट. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. स्वभाव म्हटलं की पुढे विचार करायची गरजच उरत नाही ना! थोडं वाचल्यावर मला वेगळंच काहीतरी दिसलं. इटलीत श्रोत्याचं नातं गाणाऱ्याशी असतं. ब्रिटनमध्ये ते शेजारी बसलेल्या श्रोत्याशी असतं. हाइड पार्कमधल्या छत्र्या पाव्हारोत्तीसाठी मिटल्या नव्हत्या, त्या मागच्या माणसासाठी मिटल्या होत्या. आणि हे नातं गाण्यातून आलेलं नाही, ते त्या लोकांच्या रोजच्या राहणीतून गाण्यात शिरलं आहे.

आधी इटलीकडे जाऊ. १८६१ पर्यंत इटली नावाचा एक देश नव्हताच. होती ती वेगवेगळी राज्यं आणि शहरं, आणि प्रत्येक शहराला आपलं थिएटर. नेपल्सचं सान कार्लो १७३७ चं, मिलानचं ला स्काला १७७८ चं, व्हेनिसचं ला फेनिचे १७९२ चं. त्याही आधी, १६३७ साली, व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही ऑपेरा पाहता येईल असं पहिलं थिएटर उघडलं. तोपर्यंत ऑपेरा म्हणजे राजेरजवाड्यांच्या वाड्यातला प्रकार होता.

या थिएटरांची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि त्याभोवती मजल्यांवर मजले बॉक्स. हे बॉक्स घराण्यांच्या मालकीचे असत, वारसाहक्काने मुलाकडे जात. घरचं फर्निचर आणून ते सजवत. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कुटुंब तिथेच बसायचं, तिथेच जेवायचं, पत्ते खेळायचं, लग्नं जुळवायचं. बाहेरच्या दालनात जुगारसुद्धा चालायचा. एकच ऑपेरा सीझनभर रात्रीमागून रात्री होत असल्यामुळे रोज सगळं कोण ऐकणार? आवडीची जागा आली की सगळे गप्प, ती संपली की परत गप्पा सुरू. दुय्यम पात्राच्या गाण्याला तर 'सरबताची अॅरिया' असंच नाव पडलं होतं, कारण त्या वेळी लोक सरबत घ्यायला उठत. बिचारा गायक!

आपल्याला हे असभ्य वाटेल. पण इटलीतल्या कुठल्याही गावाचा पियाझ्झा, म्हणजे मधला चौक, डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सगळं गाव चांगले कपडे घालून तिथे फेरफटका मारायला येतं. येण्याचं कारण दोनच : बघायचं आणि दिसायचं. चारचौघांत नेटकं दिसणं, कुठेही फजिती होऊ न देणं, याला ते 'बेल्ला फिगुरा' म्हणतात. थिएटर म्हणजे छप्पर घातलेला पियाझ्झाच. मग तिथे स्टेजवर उभा राहणारा गायक हा गावासमोर येऊन उभा राहिलेला माणूस असतो. त्याचा सूर हुकला तर ती नुसती संगीतातली चूक राहत नाही, त्याने चारचौघांत शोभा गमावलेली असते, आणि गाव ते तोंडावर सांगतं.

सांगण्याचं हे काम प्रामुख्याने वरच्या गॅलरीचं. तिला लोज्जोने म्हणतात आणि तिथल्या पट्टीच्या श्रोत्यांना लोज्जोनिस्ती. तिकीट सगळ्यात स्वस्त आणि कान सगळ्यात तिखट. डिसेंबर २००६ मध्ये 'आइदा'च्या दुसऱ्या प्रयोगाला रोबेर्तो आलान्या या गायकाची पहिल्याच अॅरियानंतर त्यांनी अशी हुर्यो उडवली की तो सरळ स्टेज सोडून चालता झाला. त्याच्या जागचा पर्यायी गायक रोजच्या कपड्यांतच स्टेजवर ढकलला गेला आणि प्रयोग पुढे चालू राहिला. पार्मा शहरात तर व्हेर्दीप्रेमींचा सत्तावीस जणांचा एक क्लब आहे. प्रत्येक सभासदाचं क्लबमधलं नाव म्हणजे व्हेर्दीच्या एकेका ऑपेराचं नाव. अशा गावात जाऊन बेसूर गायची हिंमत कोण करेल?

पण ही हुर्यो म्हणजे कायमचं वैर नाही. १८१६ साली रोममध्ये रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' पहिल्या रात्री शिट्ट्या खाऊन पडला आणि दुसऱ्याच रात्री डोक्यावर घेतला गेला. पुच्चिनीचा 'मादामा बटरफ्लाय' १७ फेब्रुवारी १९०४ ला ला स्कालात आपटला. त्याने त्यात बदल केले आणि मे महिन्यात ब्रेशा गावात तोच ऑपेरा गाजला. घरातला माणूस जसा रागावतो आणि विसरतो, तसंच. आणि प्रेम करायचं तर तेही घरच्यासारखंच. जानेवारी १९०१ मध्ये व्हेर्दी मिलानमधल्या हॉटेलात मरणाच्या दारात होता, तेव्हा घोडागाड्यांच्या चाकांचा आवाज त्याच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून बाहेरच्या रस्त्यावर पेंढा अंथरला होता. एका संगीतकाराला शांत झोप लागावी म्हणून शहराने स्वतःचा आवाज कमी केला! हे वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

आता ब्रिटन. १६७८ पासून लंडनच्या क्लार्कनवेल भागात टॉमस ब्रिटन नावाचा कोळसेवाला (नाव योगायोगाने समर्पकच) आपल्या वखारीच्या माळ्यावर गाण्याच्या मैफली भरवत असे. दिवसा पोतं पाठीवर टाकून कोळसा विकायचा आणि संध्याकाळी मैफल. अरुंद जिन्यावरून सरदार-उमराव धडपडत वर चढत. पुढे वर्षाची वर्गणी ठरली दहा शिलिंग आणि कॉफीचा एक पेनी वेगळा. इथे गाण्याभोवती जमलं ते वर्गणीदारांचं मंडळ. ब्रिटिश समाज क्लब, कमिटी आणि वर्गणी यांवर चालतो. संगीतही तसंच चाललं.

इंग्रज शांत असतात म्हणणाऱ्यांसाठी १८०९ ची गोष्ट सांगते. लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर जळाल्यावर नवं बांधलं आणि खर्च भरून काढायला तिकीट वाढवलं. झालं! सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ६७ रात्री प्रेक्षकांनी गोंधळ घातला. घंटा, भोंगे, फलक, स्टेजकडे पाठ करून नाच, सगळं काही. शेवटी मालकांनी माफी मागितली आणि पिटाचा जुना दर परत आणला. आता गंमत पाहा, भांडण कोणाच्या सुराबद्दल नव्हतं. तक्रारी होत्या तिकिटाच्या दराबद्दल, जास्त पगारावर आणलेल्या इटालियन गायिकेबद्दल, आणि श्रीमंतांसाठी काढलेल्या खाजगी बॉक्सबद्दल. ज्या बॉक्सवर इटालियन माणूस जीव टाकत होता, त्याच बॉक्ससाठी लंडनमध्ये दंगल! शेजाऱ्याला आपल्यापेक्षा वेगळी, बंद दाराआडची जागा का, हा प्रश्न इंग्रज श्रोत्याला बेसूर तानेपेक्षा जास्त झोंबला.

हाच धागा हँडेलच्या 'मसाया'तही सापडतो. हँडेल जन्माने जर्मन, लंडनला इटालियन ऑपेरा विकायला आलेला. काही वर्षं तो चाललाही, मग लोक कंटाळले. १७२८ साली 'बेगर्स ऑपेरा' या विनोदी नाटकाने त्या सगळ्या थाटाची यथेच्छ टिंगल केली आणि पहिल्याच सीझनमध्ये त्याचे ६२ प्रयोग झाले. हँडेल हळूहळू इंग्रजी भाषेतल्या समूहगानाकडे वळला. १३ एप्रिल १७४२ रोजी, त्या वेळी ब्रिटिश राजवटीखाली असलेल्या डब्लिनमध्ये 'मसाया'चा पहिला प्रयोग झाला. त्याआधी जाहीर विनंती केली होती की बायकांनी फुगीर घेराचे झगे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत. का? तर सहाशे माणसांच्या हॉलमध्ये सातशे माणसं मावावीत. उत्पन्न जाणार होतं कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना आणि हॉस्पिटलांना. अडीचशे वर्षांनी हाइड पार्कमध्ये मिटलेल्या छत्र्या याच खानदानातल्या.

पुढे कारखाने आले. यॉर्कशायरच्या गिरण्या आणि वेल्सच्या खाणींच्या गावांत गाणं म्हणजे कॉयर आणि ब्रास बँड. स्टाफ नोटेशन न येणाऱ्यांसाठी 'डो रे मी'ची सोपी लिपी पसरली, छापील स्वरलिपी स्वस्त झाली, आणि मजुरांची पोरंसुद्धा 'मसाया' गाऊ लागली. हडर्सफील्डची कोरल सोसायटी १८३६ ची, ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ चा. कॉयरमध्ये सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे एकाच आवाजाने वर येणं. (आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. हात मागे, मान सरळ, आणि स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू आला तर समजायचं की आपण जोरात गातोय.) ब्रास बँडच्या स्पर्धेत तर परीक्षकाला बंद खोक्यात बसवतात, म्हणजे कोणता बँड वाजतोय ते त्याला कळू नये! मिलानचा परीक्षक गॅलरीतून ओरडतो, यॉर्कशायरचा परीक्षक पडद्याआड मार्क लिहितो. संगीताच्या ग्रेड एक ते आठच्या परीक्षाही आपल्या देशात ब्रिटनहूनच आल्या. गाण्याचीसुद्धा सेमिस्टर परीक्षा घ्यावी हे दुसऱ्या कोणाला सुचणार?

चेष्टा पुरे. ग्राइमथॉर्प नावाच्या खाणीच्या गावातला बँड १९१७ साली सुरू झाला. १९९३ मध्ये खाण बंद पडली, गावातली नोकरी गेली, पण बँड चालू राहिला. गावाचं नाव आज बाहेर माहीत आहे ते त्या बँडमुळे. दुसऱ्या महायुद्धात मायरा हेस या पियानोवादिकेने लंडनच्या रिकाम्या केलेल्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. चित्रं सुरक्षित जागी हलवली होती, भिंती मोकळ्या होत्या. १९३९ ते १९४६, सोमवार ते शुक्रवार, प्रवेश एक शिलिंग. बॉम्बहल्ले वाढले की मैफल तळघरात हलायची, पण रद्द व्हायची नाही. ज्याला आपण थंडपणा म्हणतो त्याचा जवळून पाहिलेला चेहरा हा असा आहे.

आता कोणी म्हणेल, तू सोयीची उदाहरणं निवडलीस. थोडंफार खरं आहे. ला स्कालातल्या गप्पा बंद करून दिवे मंद करणारा, बायकांना हॅट काढायला लावणारा आणि वन्समोअरला ठाम नकार देणारा तोस्कानिनी इटालियनच होता. उलट लिव्हरपूलच्या स्टेडियममध्ये हजारो माणसं गळे काढून गातात, त्यांना कोण थंड म्हणेल? (तेही समूहगानच, हे मात्र लक्षात घ्या.) आणि खुद्द पाव्हारोत्ती? मोदेना गावच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा १९५५ साली वडिलांबरोबर गावच्या कॉयरमधून वेल्समधल्या लँगोलेन इथे स्पर्धेला गेला आणि तो कॉयर पहिला आला. गायक व्हायचं मनावर घेतलं ते तिथून, असं तो पुढे सांगत असे. म्हणजे इटलीच्या सर्वांत मोठ्या एकल आवाजाला सुरुवातीची शाबासकी मिळाली ती ब्रिटनमध्ये, आणि तीही घोळक्यात गाताना! १९९० साली रोममध्ये तीन टेनरांच्या ज्या मैफलीत तो गायला, तिचं संचालन मात्र आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केलं होतं. फ्लॉरेन्सच्या ऑर्केस्ट्राचे ते १९८५ पासून तीन दशकांहून जास्त काळ प्रमुख संचालक होते.

लंडनच्या प्रॉम्समध्ये, म्हणजे १८९५ पासून चालत आलेल्या उन्हाळी मैफलींमध्ये, उभ्याने ऐकण्याची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी मिळतात. रसिक सांगतात की त्यासाठीच्या रांगेत जुळलेल्या ओळखी वर्षानुवर्षं टिकतात. ग्लाइंडबोर्नला ऑपेराच्या मध्यंतरात दीड तास हिरवळीवर बसून जेवतात. खाणंपिणं इथेही आहेच, पण ते मध्यंतरात. सरबतासाठी अॅरियातून कोणी उठत नाही.

दोन्ही देशांची अलीकडची परीक्षा २०२० च्या मार्चमध्ये झाली. आपण थाळ्या वाजवल्या त्याच्या आधीचा आठवडा आठवा. इटलीत सगळे घरात कोंडलेले, चौक रिकामे. १३ मार्चच्या संध्याकाळी लोक बाल्कनीत येऊन गाऊ लागले. कोणी अॅकॉर्डियन घेतलं, कोणी पातेली, आणि सिएनाच्या गल्लीत लोकांनी आपल्याच शहराचं जुनं गाणं म्हटलं. पियाझ्झा बंद होता, म्हणून त्यांनी तो बाल्कन्यांमध्ये मांडला. मृतांचे आकडे वाढत गेले तशी ती गाणी मंदावली. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून दर गुरुवारी, रात्री बरोबर आठ वाजता, लोक दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवू लागले. अंतर राखून, शेजाऱ्याला हात हलवत. दहा गुरुवार झाल्यावर, ज्या बाईंनी ते सुरू केलं होतं त्यांनीच आता थांबू या म्हणून सुचवलं, आणि २८ मेच्या टाळ्यांनंतर लोक आत गेले.