शेवळाच्या सुया आणि काकडाची फळे

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पालघर जिल्ह्यातील मनोरसारख्या बाजारगावांत आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांत शेवळाच्या जुड्या असतात. लांब दांड्याची, टोकाला निमुळती, तपकिरी-जांभळट अशी ही भाजी. तिच्याजवळच हिरव्या, आंबट फळांचे वाटे मांडलेले असतात. ही काकडाची फळे. जाणते गिऱ्हाईक दोन्ही बरोबरच घेते. असे का? हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे.

जागा न सोडता लढाई

बिबट्या मागे लागला तर हरीण पळते. शेळी तोंड घालू लागली तर झुडूप काय करणार? ते जागचे हलू शकत नाही. म्हणून वनस्पतींनी आपल्या अंगातच शस्त्रे तयार केली आहेत. मनोरच्या आसपासच्या रानात नुसती नजर टाका. खैराच्या फांद्यांवर आकड्यासारखे वळलेले काटे आहेत. रुईचे पान तोडले की पांढरा, विषारी चीक वाहू लागतो. घाणेरीच्या पानांत गुरांच्या यकृताला इजा करणारी द्रव्ये असतात. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच ती रान व्यापून टाकते.

मात्र ही शस्त्रे फुकट मिळत नाहीत. ती बनविण्यात वाढीसाठी लागणारे अन्न खर्च होते. सागाच्या खोडाच्या गाभ्यात वाळवीला नकोशी असणारी द्रव्ये असतात, पण त्याच सागाच्या पानांची पावसाळ्यात अळ्या अक्षरशः जाळी करतात. पान गेले तर नवे फुटते, खोड गेले तर झाडच जाते.

शेवळाचे शस्त्र

आता शेवळाकडे वळू. शेवळ हे सुरण आणि अळू यांच्या कुळातले. वर्षभर त्याचा कंद जमिनीत दडून असतो. पावसाच्या तोंडावर, पान फुटण्याआधीच, कंदातील साठ्यावर त्याचा फुलोरा वर येतो. आपण भाजी करतो ती या फुलोऱ्याची. उघड्या जमिनीतून वर आलेला असा कोवळा कोंब कोणालाही मोह पाडील. पण त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या बांधल्याप्रमाणे भरलेले असतात. कच्चा घास चावला की या सुया जिभेत व घशात रुततात आणि खाज सुटते.

पण नुसत्या टोचण्याने एवढा दाह होतो का? जपानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये याविषयीचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एरी रेशमाची अळी एरंडाची पाने खाते. संशोधकांनी किवी फळातून काढलेल्या सुया काही पानांवर लावल्या. दुसऱ्या काही पानांवर प्रथिने फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम लावले. तिसऱ्या गटातील पानांवर दोन्ही लावले. नुसत्या सुयांनी किंवा नुसत्या विकराने अळ्यांचे फारसे बिघडले नाही. दोन्ही एकत्र येताच मात्र त्या मेल्या. कॅल्शियम ऑक्झलेट सुयांच्या आकारात नसेल, तर विकराबरोबर देऊनही हा परिणाम होत नव्हता. अर्थ स्पष्ट आहे. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून विकर आत शिरते. डॉक्टरांची सुई आणि तिच्यातील औषध यांचेच हे नाते!

चुलीवरचे उत्तर

अळूच्या सुयांवरही असेच प्रथिन आढळले आहे. शेवळ अळूच्याच कुळातले असल्याने त्यालाही हाच न्याय लावता येईल. विकर हे प्रथिन असते. उष्णतेने प्रथिनाची घडण मोडते, जसे अंडे उकडल्यावर घट्ट होते. आम्लानेही ती मोडते, जसे लिंबू पिळल्यावर दूध फाटते. शेवळातील पिवळा भाग काढून टाकणे, ते खूप शिजविणे आणि त्यात काकडाचा आंबट रस घालणे या रीतीमागचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. अळूच्या फदफद्यात चिंच पडते ती यासाठीच.

खाणाऱ्याने असे उत्तर शोधणे हे काही माणसापुरतेच नाही. रुईच्या कुळावर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देतात आणि मग पुढचा भाग खातात.

पण माणसात आणि अळीत एक फरक आहे. माणसाने शस्त्र निकामी केले की त्या भाजीला बाजार मिळतो. फुलोराच खुडला तर त्या रोपाला त्या वर्षी बी धरत नाही, आणि कंद उपटला तर रोपच संपते. शेवळाच्या सुया आता आपल्याला अडवीत नाहीत. म्हणून काही फुलोरे रानात राखून ठेवणे हे खाणाऱ्याचेच काम उरते.

करून पहा

अळूच्या देठाचा पातळ काप काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पहा. सुयांच्या जुड्या शोधा व त्यांची आकृती काढा. हातमोजे घाला, हात डोळ्यांना लावू नका, आणि अनोळखी वनस्पतीची चव मात्र कधीही घेऊ नका.