हळदीचा कागद

लोणार सरोवराचें पाणी अल्कधर्मी आहे, हें आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें. मुलांनीं तें पाठही केलें. परंतु हळदीच्या पाण्यांत भिजवून वाळविलेला कागद त्या पाण्यानें तांबडा होतांना, व लिंबाचे थेंब पडतांच पुन्हां पिवळा होतांना पाहिला, तेव्हांच त्यांस तें समजलें. दोष आमच्या शिकविण्याचा होता. सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें हें विवर ज्वालामुखीचें, असें कित्येक विद्वानही मानीत. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तेथील खडकांनींच अशनीच्या आघाताची साक्ष दिली. म्हणून विद्यार्थ्यांनो, ऐकलेलें पारखून घ्या. आणि पालकहो, मुलांचीं बोटें हळदीनें पिवळीं झालीं, तर रागावूं नका.