मंजिष्ठेचा पक्का लाल

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे तुकडे मिळाले, सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचे. मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी यांनी ते तपासले. धागा कापसाचा निघाला, रंग मंजिष्ठेच्या कुळातला. एरवी सूत मातीत कुजून जातं. इथे धातूच्या क्षारांनी ते राखलं. सुतावर हा रंग धरून ठेवायलाही धातूच लागतो. आपल्या घरात तो तुरटीत असतो.

साहित्य: कोरा मांजरपाट १०० ग्रॅम, धुण्याचा सोडा ५ ग्रॅम, हिरड्याची पूड २० ग्रॅम, तुरटी १५ ग्रॅम, मंजिष्ठेची भरड १०० ग्रॅम (काष्ठौषधींच्या दुकानात मिळते), स्टीलचं मोठं पातेलं. लोखंडी भांडं नको. हिरडा लोखंडाला लागला की काळा पडतो.

कृती:

१. सोडा घातलेल्या ४-५ लिटर पाण्यात कापड तासभर उकळा, खळबळून धुवा. पाण्याचा थेंब टाकताच शोषला गेला तर खळ गेली असं समजा. एक पट्टी कापून बाजूला ठेवा.

२. हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळा. त्या पाण्यात कापड तासभर बुडवा, पिळा आणि न धुता वाळवा. पिवळसर झाक येईल.

३. तुरटी गरम पाण्यात विरघळवा. पाणी कोमट झालं की कापड रात्रभर बुडवून ठेवा. पिळून वाळवा, मग एकदाच साध्या पाण्यातून काढा.

४. मंजिष्ठाही आदल्या रात्री भिजवा आणि फडक्यात सैल बांधून पाण्यासकट पातेल्यात घाला. कापड बुडेल इतकं पाणी वाढवा. बाजूला ठेवलेली पट्टीही यातच सोडा. मंद आचेवर तासाभरात ६०-७० अंशांपर्यंत न्या, पुढे तासभर तिथेच ठेवा. उकळी फुटू देऊ नका, लाल रंग तपकिरीकडे झुकतो. अधूनमधून कापड हलवा, नाहीतर डाग पडतात.

५. आच बंद करून रात्रभर त्यातच निवू द्या. सकाळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

आता कापड आणि पट्टी शेजारी ठेवून पाहा. कापड विटकरी लाल दिसेल. हिरडा-तुरटी न लागलेल्या पट्टीचा रंग बराचसा धुण्यातच गेलेला असेल. मंजिष्ठा थोडी कमी पडली तर रंग फिका येईल एवढंच. तुरटीची पायरी मात्र गाळू नका.