एसाव धावत आला
वाचनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ती 32:3-21 आणि 33:1-17

ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे असा सख्खा भाऊ किंवा अशी बहीण तुम्हाला आहे का? कारण जमिनीचा तुकडा असेल, आईचे दागिने असतील किंवा आईवडिलांच्या आजारपणात कोणी किती केले याचा हिशेब असेल.

रिबकेने याकोबाला सांगितले होते की भावाचा राग शमेपर्यंत थोडे दिवस मामाकडे जाऊन राहा. त्या थोड्या दिवसांची 20 वर्षे झाली. रिबकेची आपल्या या मुलाशी पुन्हा भेट झाल्याचे पवित्र शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. अबोला असाच वाढत जातो, आणि तो संपण्याची वाट पाहणारी आई आधीच निघून जाते.

येथे चूक याकोबाची होती. दृष्टी गेलेल्या वडिलांपुढे एसावाची वस्त्रे घालून त्याने थोरल्याचा आशीर्वाद घेतला होता. परतताना एसाव 400 माणसे घेऊन येत असल्याचे ऐकून तो फार घाबरला. त्याने प्रार्थना केली, पण नुसती प्रार्थना करून तो बसून राहिला नाही. त्याने भावासाठी शेळ्यामेंढ्या, गाईबैल, गाढवे आणि पिल्लांसह दुभत्या उंटिणी पुढे पाठवल्या. पिल्ले सोडून मोजली तरी ती 550 जनावरे होतात.

ही भीतीपोटी दिलेली लाच होती का? भीती तर होतीच. पण 33:11 मध्ये याकोब या भेटीला जो शब्द वापरतो, तो मूळ इब्री भाषेत ‘बराखा’ म्हणजे आशीर्वाद असा आहे. चोरलेल्या आशीर्वादासाठी 27 व्या अध्यायात हाच शब्द आहे. त्या आशीर्वादात भाऊ याकोबापुढे नमतील असे म्हटले होते. आता याकोबच सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. जे फसवून घेतले, ते तो परत करू पाहतो. आपण मात्र पुष्कळदा “झाले गेले विसरून जा” म्हणतो आणि घेतलेले तसेच ठेवतो!

आता एसावाकडे पाहा. दुखावलेला तोच होता. तरी भेट स्वीकारण्याआधीच तो धावत आला, भावाच्या गळ्यात पडला आणि दोघे रडले. प्रभू येशूच्या दाखल्यातील बापही हरवलेल्या मुलाकडे असाच धावतो (लूक 15:20). तेथे मोठा भाऊ मात्र घराबाहेर उभा राहतो, आणि तो शेवटी आत गेला की नाही हे प्रभू सांगत नाही. तुम्ही आत आहात की बाहेर?

आणखी एक गोष्ट, जी संदेशांमध्ये क्वचितच ऐकायला मिळते. समेटानंतर हे दोघे एकत्र राहिले नाहीत. एसाव सेईराला गेला, याकोब सुक्कोथला. ज्यांनी घरात मारहाण किंवा छळ सोसला आहे त्यांनी हे जरूर वाचावे. क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच छपराखाली राहिलेच पाहिजे असे नाही. पौलही आपल्याकडून होईल तितके करायला सांगतो (रोमकरांस 12:18).

पुढे इसहाक मरण पावला तेव्हा एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून त्याला पुरले (उत्पत्ती 35:29).

आज मत्तय 5:23-24 वाचा. मग एका कागदावर त्या भावाचे किंवा बहिणीचे नाव लिहा आणि त्याखाली, त्यांचे जे तुमच्याकडे राहिले आहे ते लिहा. रविवारच्या उपासनेला अजून काही दिवस आहेत. त्याआधी एक फोन करता येईल.